वेल्डर व्हायचंय? आयटीआयपासून वाळूजच्या गेटपर्यंतचा रस्ता आणि मधले खड्डे

दहावीचा निकाल लागला की गंगापूर, वैजापूर, पैठणकडच्या गावांत एक गोष्ट ठरलेली असते. पोरगं एखाद्या विषयात राहिलेलं असतं, नाहीतर कसंबसं पास झालेलं असतं. घरी दोन-तीन एकर कापूस-मका. तेवढ्यात वाळूजला कामाला असलेला गावातलाच कुणीतरी म्हणतो, "पाठवा माझ्यासंगं, ठेकेदाराकडं लावून देतो. वेल्डिंग शिकून घेईल." पंधरा दिवसांत पोरगं रांजणगाव शेणपुंजीच्या एका खोलीत चौघांबरोबर राहायला गेलेलं असतं.

माझा चुलतभाऊ असाच गेला होता. तीन वर्षं त्यानं काम केलं. हाताला चांगली सफाई आली. मग एके दिवशी ठेकेदाराचं काम बंद पडलं, आणि तेव्हा कळलं की त्याच्याकडं दाखवायला एकही कागद नाही. पगार रोख मिळायचा, पीएफ नव्हता, अनुभवाचा दाखला नव्हता. पुढच्या कंपनीच्या गेटवर त्याला पुन्हा हेल्पर म्हणूनच उभं केलं. तीन वर्षं गेली ती गेलीच.

वेल्डिंग हा चांगला धंदा आहे. आपल्या जिल्ह्यात तर त्याला मरण नाही. पण त्यात हात आणि कागद दोन्ही लागतात. हात तयार करायला लोक वर्षानुवर्षं घालवतात आणि कागदाकडं पाहत नाहीत. दोन्ही कसं जमवायचं, ते पुढं वाचा.

काम आहे कुठं?

गावात लोखंडाचं काम म्हणजे पूर्वी लोहाराचा भाता आणि ऐरण, नाहीतर पालं टाकून राहणारे घिसाडी. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, वखराच्या पाशी. आज त्याच गावाच्या फाट्यावर वेल्डिंगचं दुकान असतं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉलीची दुरुस्ती, रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं.

शहराजवळचं काम वेगळं. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. गाडीची चेसी, सायलेन्सर, स्टँड, हँडल, सगळं पातळ नळी आणि पत्र्याचं काम. इथं सीओटू वेल्डिंग चालतं, म्हणजे ज्याला पुस्तकात मिग किंवा मॅग म्हणतात ते. बऱ्याच लाइनवर आता रोबोट आहेत. पण रोबोटला फिक्स्चरमध्ये पार्ट लावून द्यायला, टिप बदलायला आणि त्यानं सोडलेला जोड हातानं दुरुस्त करायला माणूस लागतोच. या रिपेअर वेल्डरची नजर तयार असावी लागते, म्हणून साध्या लाइन ऑपरेटरपेक्षा त्याला लवकर काढत नाहीत.

तिसरं काम स्टेनलेस स्टीलचं. चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याला बिअरचे आणि औषधांचे कारखाने आहेत. त्यांच्या टाक्या आणि पाइपलाइन आतून आरशासारख्या गुळगुळीत लागतात. ते काम टिग वेल्डिंगचं, आपल्याकडं त्याला आर्गॉन म्हणतात. शिकायला अवघड, हात थरथरता कामा नये, आणि म्हणूनच चांगला आर्गॉनवाला सहज मिळत नाही. माझं मत विचाराल तर आज सतरा-अठरा वर्षांच्या मुलानं डोळ्यासमोर हेच ठेवावं.

शेंद्रा आणि बिडकीनला ऑरिकमध्ये शेड उभ्या राहत आहेत. तिथं उंचीवर लोखंडी कॉलम-गर्डर जोडणारे, पत्रे चढवणारे आणि सळई बांधणारे बार बेंडर लागतात. टोयोटा किर्लोस्करनं बिडकीनसाठी ३१ जुलै २०२४ ला राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तेव्हापासून व्हॉट्सॲपवर भरतीचे मेसेज फिरत असतात. करार झाला म्हणजे भरती निघाली असं नसतं. पैसे मागणारा कुठलाही मेसेज खोटा समजा.

कन्नड, पैठण, गंगापूर भागातल्या मुलांना साखर कारखान्यांचं माहीत असतंच. गाळप बंद झालं की ऑफ-सीझनला रोलर, पाइप, बॉयलरची दुरुस्ती निघते. पण बॉयलरच्या दाबाखालच्या भागाला कुणीही वेल्डिंग करू शकत नाही. त्यासाठी भारतीय बॉयलर नियमांप्रमाणं परीक्षा देऊन बाष्पके संचालनालयाचं प्रमाणपत्र घेतलेला वेल्डर लागतो. आयबीआर वेल्डर म्हणतात तो हाच, आणि त्याचा भाव वेगळा असतो.

शेजारच्या जालन्यात सळईच्या रोलिंग मिल आणि भट्ट्या आहेत. काम भरपूर, पण भट्टीवरचं काम जिवावरचं. तिथं परराज्यातले मजूर जास्त दिसतात. ८ मे २०२० ला आपल्याच जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे आणि लॉकडाऊनमध्ये मध्य प्रदेशात घरी जायला पायी निघालेले ते लोक होते. ठेक्यावरच्या माणसाचा वाईट काळात वाली कोण, हा प्रश्न त्या दिवशी सगळ्या देशानं पाहिला.

आयटीआय: वेल्डर की फिटर?

वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. राष्ट्रीय पात्रता आठवी पास, त्यामुळं दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो. फिटर दोन वर्षांचा आणि दहावी पास लागते. शीट मेटल वर्कर एक वर्षाचा. जिल्ह्यात शहराबरोबर तालुक्यांच्या ठिकाणीही सरकारी आयटीआय आहेत, पण प्रत्येक ठिकाणी प्रत्येक ट्रेड नसतो. आपल्या तालुक्यात वेल्डर नसेल तर शेजारचा तालुका पसंतीक्रमात टाकायला विसरू नका.

प्रवेश पूर्ण ऑनलाइन आहे. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाचं, म्हणजे डीव्हीईटीचं, ॲडमिशन पोर्टल दहावीच्या निकालाच्या सुमारास उघडतं. फॉर्म भरायचा, जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन मूळ कागद दाखवून तो निश्चित करायचा, मग ट्रेड आणि संस्थांची पसंती भरायची. पुष्कळ मुलं पहिली पायरी करून घरी बसतात. फॉर्म भरला पण निश्चित केला नाही, तर तो नसल्यातच जमा. पसंती भरताना दोन-तीनच नावं टाकू नका. मोबाइल नंबर घरातला चालू असलेला द्या, सेतूवाल्याचा नको, कारण फेरीत नंबर लागल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो. कागदांत दाखला, गुणपत्रक, आधार, रहिवासी, आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रिमिलेयर. शेवटचे दोन तहसीलमधून यायला वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा.

मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. वेल्डरला मुली कमी येतात, म्हणून त्या जागांवर नंबर सहज लागण्याची शक्यता असते. आर्गॉनच्या कामाला ताकदीपेक्षा स्थिर हात लागतो. मुलींनी याचा विचार जरूर करावा.

फिटर की वेल्डर, यावर मी एवढंच सांगेन: दहावी पास असाल आणि दोन वर्षं थांबणं घराला परवडत असेल तर फिटर घ्या. फिटरला मेंटेनन्समध्ये काम मिळतं, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पुढं पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता राहतो. लवकर कमवायचं असेल तर वेल्डर. दोन्हीकडं एक अट माझ्याकडून: दहावी राहिली असेल तर ती पुरवणी परीक्षेत काढून टाका. आयटीआय करता करताही काढता येते. ती का लागते, ते आखाती देशांच्या भागात येईल.

आयटीआय सुटल्यावर मिळतं ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, एनटीसी. ते डिजीलॉकरमध्ये काढून ठेवा. नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का तेव्हाच पाहा. पुढं पीएफ अडकतो तो बहुतेक वेळा नावातल्या एका अक्षरामुळं.

वर्षभर थांबणं शक्यच नसेल तर आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनचा ३० दिवसांचा वर्ग असतो. फुकट, राहणं-जेवणासह. गावात दुकान टाकायचं असेल तर हा वर्ग कामाचा. कंपनीच्या गेटवर मात्र त्याला एनटीसीइतकं वजन नाही.

ॲप्रेंटिसशिप सोडू नका

आयटीआय झालं की पोरं थेट कामाला पळतात. इथंच चूक होते. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्यानुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे कंपनी तुमच्यावर उपकार करत नसते.

२०१९ च्या नियमांप्रमाणं आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ॲप्रेंटिस परिषदेनं त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. चालू आकडा ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर पाहून घ्या. हा किमान आकडा आहे, कंपनी जास्त देऊ शकते. रक्कम कमीच वाटेल. ठेकेदार याहून जास्त देतो हेही खरं. पण वर्षाच्या शेवटी परीक्षा देऊन जे राष्ट्रीय ॲप्रेंटिस प्रमाणपत्र, एनएसी, मिळतं ते ठेकेदार कधीच देऊ शकत नाही.

नोंदणी ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते. तुमचा आणि कंपनीचा करार तिथं ऑनलाइन चढलेला असला पाहिजे. नुसतं "तू आमचा ॲप्रेंटिस" म्हणून राबवून घेतलं आणि पोर्टलवर करार नाही, तर ते वर्ष कुठंच धरलं जाणार नाही. पहिल्या महिन्यातच लॉगिन करून करार दिसतो का बघा. दिसत नसेल तर एचआरला विचारा, तरी होत नसेल तर आपल्या आयटीआयमध्ये जाऊन सांगा.

खासगी कंपन्यांच्या जोडीला एक ठिकाण मुलं विसरतात. चिकलठाण्याला एसटी महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. राज्यात अशा तीनच, बाकीच्या दोन दापोडी आणि नागपूरला. बसचे सांगाडे बांधायचं काम तिथं चालतं, म्हणजे वेल्डर आणि शीट मेटलवाल्याला शिकायला याहून चांगली जागा क्वचितच. ॲप्रेंटिसची जाहिरात येते तेव्हा लक्ष ठेवा. रेल्वेच्या ॲप्रेंटिस भरतीतही वेल्डर ट्रेड असतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी. २०२४ ला सुरू झाली, तिच्यात आयटीआय झालेल्याला महिना ८,००० रुपये ठरले होते. ती ॲप्रेंटिसशिप नाही आणि तिच्या शेवटी एनएसी मिळत नाही. दोन्हींत गल्लत करू नका.

टेस्ट प्लेट: गावातला चांगला वेल्डर इथं का पडतो

चांगल्या फॅब्रिकेशन कंपनीत मुलाखत नावाला असते. खरी परीक्षा असते टेस्ट प्लेट. दहा-बारा एमएमच्या दोन पट्ट्या, कडा तिरक्या घासलेल्या, मधे दोन-तीन एमएमची फट. त्या जोडून दाखवायच्या.

पोझिशनचे आकडे आधी समजून घ्या. १जी म्हणजे प्लेट आडवी ठेवून वरून मारणं, सगळ्यात सोपं. २जी म्हणजे उभ्या प्लेटला आडवी शिवण. ३जी म्हणजे खालून वर उभी शिवण. ४जी म्हणजे डोक्यावर. ५जी, ६जी पाइपचे. ६जीमध्ये पाइप ४५ अंशांत तिरका बांधलेला असतो आणि तो फिरवायचा नसतो, वेल्डरनंच भोवती फिरायचं. ६जी पास झालेला माणूस बाकी बहुतेक सगळं मारू शकतो असं धरतात.

गावातल्या दुकानात पाच वर्षं गेट बनवलेला मुलगा ३जीला पडतो, हे नेहमीचं आहे. त्याचं कारण हातात कमी आणि सवयीत जास्त आहे. दुकानात आपण ६०१३ चा रॉड वापरतो, जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरवर. हा रॉड गरीब आहे, गंज चालवून घेतो, ओलावा चालवून घेतो, आर्क लांब धरली तरी जळतो. टेस्टला बऱ्याचदा ७०१८ देतात. पहिले दोन आकडे ताकदीचे, ६० आणि ७०. तिसरा १ म्हणजे सगळ्या पोझिशनला चालतो. ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड. तो डीसीवर चांगला चालतो, भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो आणि आर्क अगदी जवळ धरावी लागते. ६०१३ च्या सवयीनं हात मागं-पुढं झटकला की आत हवा जाते, फुगे पडतात, आणि पहिल्या तुकड्यातच माणूस बाद होतो. त्याला वाटतं नशीब फुटकं. खरं तर त्यानं तो रॉड आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेला असतो.

म्हणून टेस्टला जायच्या आधी कुठंतरी इन्व्हर्टर मशीनवर किलो-दोन किलो ७०१८ जाळून पाहा. १० नंबरचा, म्हणजे ३.१५ एमएमचा. पैसे जातील, पण ते वाया जात नाहीत. टेस्टला रॉड थंड किंवा ओला वाटला तर "भट्टीतला मिळेल का" असं सरळ विचारा. विचारल्यानं तुमची किंमत वाढते.

तपासणारा माणूस आधी डोळ्यानं पाहतो. कडेला खाच पडली तर तो अंडरकट. भोकं दिसली तर पोरोसिटी. थरांमधला स्लॅग नीट झोडपून, ब्रश मारून काढला नाही तर तो आत दबतो. मागच्या बाजूनं रूट नीट उतरलं नाही तर ते पेनिट्रेशन कमी. त्यानंतर प्लेटच्या पट्ट्या कापून वाकवतात. वाकवल्यावर तीन एमएमपेक्षा मोठी चीर उघडली की नापास. काही ठिकाणी एक्स-रे काढतात.

इथं एक मोठा गैरसमज दूर करतो. "सहा हजारात ६जी सर्टिफिकेट" असल्या जाहिराती येतात. एएसएमई नावाच्या ज्या कोडवर या परीक्षा चालतात, त्यात वेल्डरची पात्रता ज्या कंपनीनं टेस्ट घेतली तिच्या कामापुरती असते. नवी कंपनी पुन्हा टेस्ट घेते. आणि त्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर जुनी पात्रताही संपते. म्हणजे विकत घेतलेला कागद गेटच्या आत नेत नाही. हां, त्या पैशात खरोखर महिनाभर पाइपवर सराव करून देत असतील, रॉड आणि पाइप त्यांचे असतील, तर सराव म्हणून घ्या.

ठेकेदाराकडं जाणारच असाल तर

नाइलाज असतो, मान्य. तेव्हा पहिल्या दिवशी चार गोष्टी विचारा. पगार बँकेत की रोख? पीएफचा यूएएन नंबर कधी मिळेल? ईएसआयचा नंबर? आणि नियुक्तीपत्र? नव्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, त्यात नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे.

ईएसआय महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला लागू. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. दहा हजारावर तुमचे ७५ रुपये. त्या ७५ रुपयांत घरच्यांचा दवाखाना होतो. कामावर हात भाजला, डोळ्याला लागलं तर सुट्टीच्या दिवसांचे पगाराच्या साधारण ९० टक्के पैसे मिळतात. चिकलठाण्याला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. ठेकेदार म्हणाला "कापू नको, हातात जास्त देतो", तर तो स्वतःचे ३.२५ टक्के आणि पीएफचे पैसे वाचवतोय, एवढं लक्षात असू द्या. पीएफ खरोखर भरला जातो का ते उमंग ॲपवर महिन्याच्या महिन्याला दिसतं. पगारपत्रकावर कपात आणि ॲपवर शून्य, हे प्रकार होतात. ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे, सिंगल नाही.

पगारपत्रकावर "अकुशल" लिहिलंय की "कुशल", तेही बघा. किमान वेतनात दोन्हींचा दर वेगळा असतो. आयटीआय झालेल्या वेल्डरला कागदावर हेल्पर दाखवून अकुशलचा दर देतात आणि काम पूर्ण वेल्डरचं घेतात. माझ्या चुलतभावाचं हेच झालं होतं.

शेड उभारणीवर किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६०. सळई बांधणारे आणि साइटवरचे वेल्डर दोन्ही त्यात बसतात. नोंदणी करून देतो म्हणून एजंट हजार-दोन हजार मागतात. देऊ नका, स्वतः तालुका केंद्रात जा.

डोळे आणि जीव

वेल्डिंग उघड्या डोळ्यांनी पाहिलं की लगेच काही होत नाही. रात्री बारा-एकला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. गावाकडं बटाट्याच्या चकत्या ठेवतात. गार वाटतं, बास. बरं होतं ते आपोआप, दीड-दोन दिवसांत. मेडिकलमधून डोळा बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा टाकणं मात्र घातक आहे, त्यानं बुबुळाची जखम भरत नाही. दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर डोळ्याचा डॉक्टर गाठा. काच १० ते १२ नंबरची वापरा. काळा गॉगल म्हणजे वेल्डिंगची काच नव्हे.

जी.आय. पाइप किंवा पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो जळाला की पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. गूळ खाल्ला, दूध प्यायलं की धूर उतरतो असं कारागीर सांगतात. नाही उतरत. थर आधी घासून काढा आणि मोकळ्या हवेत बसा.

सगळ्यात जास्त जीव जातात ते रिकाम्या ड्रममुळं. डिझेलचा बॅरल, ट्रॅक्टरची टाकी, फवारणीची टाकी. रिकामी दिसली तरी आत वाफ असते, आणि ठिणगी पडली की बॉम्ब होतो. ओळखीचा शेतकरी घाई करतो, "दोन टाके मार फक्त". धुऊन, पाणी भरून घेतल्याशिवाय मारू नका, नाहीतर सरळ नाही म्हणा. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना आधी बॅटरीची वायर काढा. गॅस कटिंगला ॲसिटिलीनचा मरून सिलिंडर उभाच ठेवायचा, आणि ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरच्या नटाला तेल-ग्रीस लावायचं नाही.

गावातच दुकान टाकायचं असेल तर

पहिली अडचण विजेची. घरच्या मीटरवर वेल्डिंग मशीन चालवलं तर महावितरण कलम १२६ खाली अनधिकृत वापराचं बिल काढू शकतं. आकडा टाकला तर कलम १३५, म्हणजे चोरीचा गुन्हा. धंद्याचं वेगळं कनेक्शन घ्या. उद्यम नोंदणी मोबाइलवर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत.

पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागात खुल्या गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याकांना ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचे १० किंवा ५ टक्के टाकायचे, बाकी बँकेचं कर्ज. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालयच आपल्या शहरात आहे, तिथं प्रशिक्षण होतं. घरात पिढीजात लोहारकाम असेल तर पीएम विश्वकर्मा पाहा. अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. नोंदणी सीएससी केंद्रात, पुढची पडताळणी ग्रामपंचायतीकडून. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो.

आखाती देश

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो, म्हणजे सौदी, कतार, कुवेत अशा १८ देशांत कामाला जायला सरकारची वेगळी मंजुरी लागते. दहावी काढून ठेवा म्हणालो ते यासाठीही. एजंटचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो. दीड लाख मागणारा आणि "व्हिजिट व्हिसावर जा, तिथं काम लागेल" म्हणणारा माणूस घरी चहाला आला तरी पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.

आधीच कामाला लागलेल्यांसाठी

पाच-सात वर्षं वेल्डिंग करताय आणि कागद नाही, अशांसाठी दार बंद नाही. अनुभवी कामगाराला खासगी उमेदवार म्हणून आयटीआयची अखिल भारतीय परीक्षा देता येते. अनुभवाचा लेखी पुरावा लागतो, म्हणून आहे त्या मालकाकडून, दुकानदाराकडून लेटरहेडवर तारखांसह दाखला आत्ताच घ्या. काम सोडल्यावर कुणी देत नाही. आरपीएल नावाची दुसरी सोय आहे, तिच्यात असलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. ते एनटीसीच्या बरोबरीचं नाही, पण रिकाम्या हातापेक्षा बरं. दोन्हींसाठी तालुक्याच्या सरकारी आयटीआयमध्ये कामाच्या दिवशी सकाळी जा आणि वेल्डर ट्रेडच्या शिक्षकांना भेटा. माझा चुलतभाऊ गेल्या वर्षी तेच विचारायला गेला. त्याचा अनुभवाचा दाखला अजून मिळायचाय. जुना ठेकेदार फोन उचलत नाही, म्हणून आता दुसऱ्या दुकानातल्या कामाच्या तारखा तो मोजतोय.